उत्तरासाठी ठेवलेली जागा

राखेच्या बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होतो. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी हे चहाचा कप हातात धरून मला काहीतरी सांगायला वळले आणि त्यांच्या तोंडून शब्दच आला नाही. कप कलला, चहा लुंगीवर सांडला, आणि मी म्हणाले, "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. त्या सकाळी म्हणायला नको होतं, हे अजून टोचतं. वर पाहिलं तर ह्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता आणि डोळ्यांत भीती होती. येरवड्यातल्या आमच्या सोसायटीत शेजारच्यांनी लगेच गाडी काढली, म्हणून तासाभरात आम्ही दवाखान्यात पोचलो.

पक्षाघात होता. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलं आहे, उजवा हातपाय हळूहळू कामाला लागेल, वाचेचं मात्र आत्ताच काही सांगता येणार नाही. ह्यांना सगळं समजत होतं. माणसं ओळखायचे, विचारलेलं कळायचं, पण उत्तर आत कुठंतरी अडकायचं. पाणी हवं असलं की बाटलीकडे बघत राहायचे. मला ते थट्टेनं 'बाई' म्हणतात, मी पालिकेच्या शाळेत मराठी शिकवत होते म्हणून. तेवढी हाकसुद्धा त्यांना मारता येईना. आणि माझी गत त्याहून वाईट. मी लहानपणापासून प्रार्थना करत आलेली बाई, पण वॉर्डातल्या स्टुलावर बसून डोळे मिटले की मनात एक शब्द उमटायचा नाही. देवाशी भांडावं म्हटलं तर तेही जमेना. इतकी वर्षं आपण कोणाशी बोलत होतो, असा विचार त्या दिवसांत माझ्या मनात आला, आणि तो आला हे मी इथं कबूल करते.

आता आम्ही कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही अँग्लिकन. म्हणजे काय, हे मी आयुष्यभर लोकांना समजावून सांगत आले आहे आणि एकदाही नीट जमलेलं नाही. कॅथलिक शेजारणीला वाटतं आम्ही प्रॉटेस्टंट, कारण आम्ही पोपना मानत नाही आणि आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, लग्न करतात. नगरकडच्या प्रॉटेस्टंट नातेवाइकांना वाटतं आम्ही लपून राहिलेले कॅथलिक, कारण आमच्याकडे वेदीवर मेणबत्त्या लागतात, पाळक झगा घालतात, आम्ही क्रूसाची खूण करतो आणि सणासुदीला धूप जाळतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या एका सहशिक्षिकेनं तर एकदा अगदी सहज विचारलं होतं, तुमच्यातही पोटजाती आहेत होय, मग धर्म बदललात कशाला? पुण्यात अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, चहा मागवायचा असतो. मी चहा मागवला. पण घरी जाताना स्वतःला त्रिशंकू म्हणून हसले होते, आणि ते हसू काही खरं नव्हतं.

मी शाळेत असतानाच वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, चर्चवरची पाटी बदलली, आणि अँग्लिकन हा शब्द कागदोपत्री संपला. आमच्या गुडघ्यांतून मात्र तो गेला नाही. नगरकडून आलेली माणसं बसून प्रार्थना करायची, आम्ही गुडघे टेकून. ती 'पाळकसाहेब' म्हणायची, आम्ही 'फादर'. थोड्याच दिवसांत आमचे पाळक दोन्ही हाकांना ओ देऊ लागले आणि तो वाद तिथंच मिटला.

पेठेच्या कडेला आमचं दगडी चर्च. आई त्याला देऊळच म्हणायची. शनिवारी दुपारी ती मला मंडईत घेऊन जायची, वेदीसाठी निशिगंध आणायला. फुलवाला तिची घासाघीस कधी ऐकायचा नाही, पण फुलं मात्र आतल्या टोपलीतली काढून द्यायचा, देवाला जायची आहेत म्हणून. मग चर्चमध्ये बसून आम्ही पितळी मेणबत्तीदाण्या चिंचेनं घासायचो. रविवारी बायका पदर डोक्यावर घेऊन डाव्या बाजूला बसायच्या. प्रभुभोजनाला, म्हणजे पवित्र भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि चांदीचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा, डॉक्टरांच्याही आणि झाडूवाल्या सखूबाईंच्याही. पाळक दरवेळी पांढऱ्या कापडानं कड पुसायचे आणि पुढं सरकायचे. मला ते लहानपणी फार आवडायचं. अजूनही आवडतं.

आणि ते पुस्तक. आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दोन प्रकारची अक्षरं आहेत. बारीक अक्षरांतलं पाळकांनी म्हणायचं, जाड अक्षरांतलं मंडळीनं. पाळक म्हणणार, प्रभू तुम्हांबरोबर असो. आपण म्हणणार, आणि तुझ्या आत्म्याबरोबर. अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. मला शाळेत जायच्या आधी वाचता येऊ लागलं ते त्या जाड अक्षरांवर बोट ठेवूनच. मी मोठी झाले तेव्हा हे वेदीजवळ मेणबत्त्या लावायचे. त्यांचं एक वैशिष्ट्य होतं. सगळी मंडळी उत्तर म्हणून मोकळी झाली की मागून ह्यांचा आवाज यायचा, सावकाश, शेवटपर्यंत. मुली पदराआड हसायच्या. मीही हसायचे, आणि मग त्यांच्याशीच लग्न केलं. खडकीच्या कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस, त्याला घाई म्हणून कशाची ठाऊक नव्हती.

आमचा मुलगा प्रशांत त्याच चर्चमध्ये वाढला. पंचविशीत नोकरी गेली, मन खचलं, तेव्हा एका मित्रानं त्याला खराडीकडच्या एका फेलोशिपमध्ये नेलं. तिथं हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, गिटार वाजवतात, हात वर करून मोठ्यानं, ज्याच्या त्याच्या शब्दांत प्रार्थना करतात. त्या लोकांनी माझ्या मुलाला सावरलं, हे मी कधी विसरणार नाही. पण तिथं त्याला असंही शिकवलं की तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी हा बाप्तिस्माच नव्हे, कळत्या वयात पाण्यात पूर्ण बुडून घ्यावा लागतो, आणि पुस्तकातून वाचलेली प्रार्थना म्हणजे पाठ केलेली कविता. त्यानं दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. मग तुम्हीही घ्या म्हणून दहा वर्षं तो आमच्या मागं लागला होता. मी तापट, मी त्याला उलट बोलायचे. हे काही बोलायचे नाहीत.

दवाखान्यात प्रशांत रोज यायचा. त्याच्याबरोबर फेलोशिपचे चारपाच जण यायचे, पलंगाभोवती उभे राहायचे, ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून अखंड प्रार्थना करायचे. मनापासून करायचे, घाम यायचा त्यांना. कॅथलिक शेजारीण जपमाळ घेऊन बसायची. नगरहून दीर आले, त्यांनी लांबलचक प्रार्थना केली आणि मग एक उताराही वाचला. हे सगळ्यांकडे पाहायचे आणि थोड्या वेळानं तोंड भिंतीकडे वळवायचे. मला वाटायचं, थकले.

पाचव्या दिवशी प्रशांत मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेला. त्याचे डोळे सुजलेले होते. म्हणाला, "मम्मी, तू फक्त एकदा हो म्हण. पप्पा बोलले तर तुम्ही दोघं पाण्याचा बाप्तिस्मा घ्याल, एवढंच प्रभूला सांग. मग बघ." नवस बोलणाऱ्या शेजारणींना मी जन्मभर हसत आले होते. देवाशी असा सौदा करतात का, म्हणून वर्गात मुलांनाही सांगितलं होतं. पण त्या बाकावर माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं, स्वतःची प्रार्थनासुद्धा नाही. मी हो म्हणाले. दोघांच्या वतीनं शब्द दिला. प्रशांत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच मी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

त्यानंतर सहा दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी सकाळी, वॉर्डातला नाश्ता नुकताच आटोपला होता, तेव्हा राखी साडीतल्या एक वयस्क सिस्टर थेट आमच्या पलंगाशी आल्या. कॅथलिक मठातल्या, बोलण्यावरून वसईकडच्या वाटल्या. कुठल्याशा यादीत आमच्या नावापुढं 'ख्रिश्चन' एवढंच लिहिलेलं होतं, ते पाहून त्या आल्या होत्या. त्यांनी मला कोण, कुठले असं काही विचारलं नाही. स्टुलावर पांढरा रुमाल पसरला, गळ्यातल्या पिशवीतून एक छोटी गोल डबी काढून त्यावर ठेवली, क्रूसाची खूण केली, आणि ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "प्रभू तुम्हांबरोबर असो." आणि थांबल्या.

"आणि तुझ्या आत्म्याबरोबर," हे म्हणाले.

सावकाश म्हणाले, शेवटपर्यंत, जसे चर्चमध्ये सगळ्यांच्या मागून म्हणायचे तसे. जीभ जरा जड होती, पण प्रत्येक शब्द जिथल्या तिथं होता. मी पलंगाची कड घट्ट धरली. सिस्टरना काय ठाऊक की हा माणूस अकरा दिवसांत एक अक्षर बोललेला नाही? त्यांनी मान डोलावली आणि पुढचं म्हटलं. त्यांचे शब्द आमच्यापेक्षा इथं तिथं वेगळे होते, पण प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या आणि प्रत्येक वेळी हे आपलं उत्तर देत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस आम्ही सगळे ह्यांच्यासाठी बोलत होतो, ह्यांच्यावर बोलत होतो, ह्यांच्या डोक्यावरून बोलत होतो. त्यांच्या उत्तराला जागा कोणी ठेवलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

मग सिस्टरनी ती डबी उघडायला हात पुढं केला. त्यात ख्रिस्तशरीर होतं, म्हणजे त्यांच्या वेदीवरची पवित्र भाकर, आणि ते कॅथलिक नसलेल्याला द्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले असते तर ह्यांना ते मिळालं असतं. मी बोलले तर ही बाई डबी उचलून निघून जाईल आणि तिच्याबरोबर ह्यांचा आवाजही जाईल, अशी मला भीती वाटली. काही क्षण मी खरंच गप्प बसले. पण इतक्या वर्षांत कोणी विचारलं तर कधी लपवलं नव्हतं, आता न विचारता लपवणं जमेना. मी म्हणाले, "सिस्टर, आम्ही कॅथलिक नाही. आम्ही अँग्लिकन आहोत."

त्यांचा हात तसाच राहिला. ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग हे मला देता येणार नाही. पण उरलेलं म्हणता येईल की." आणि डबी तशीच बंद ठेवून त्यांनी शेवटपर्यंत सगळं म्हटलं, दर वाक्याला थांबत, एकाही ठिकाणी घाई न करता. संपल्यावर मी त्यांना अकरा दिवसांचं सांगितलं तेव्हा त्या पलंगाच्या कडेलाच बसल्या. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो आणि हे आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते.

सिस्टर त्यानंतर रोज यायच्या, दहा मिनिटं, डबी न घेता. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, पाठ असलेल्या गोष्टी मेंदूत निराळ्या जागी असतात, पाढे, वारांची नावं, आरत्या. त्यांच्याकडे एक आजोबा होते, बोलायचे नाहीत पण सबंध आरती म्हणायचे. त्या वाटेनं हळूहळू बाकीचं बोलणंही येऊ शकतं. डॉक्टरांचं खरंच असणार. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. फक्त ती जागा ह्यांच्यात कोणी आणि केव्हा भरून ठेवली, आणि एका यादीतल्या अपुऱ्या शब्दानं ती बाई नेमकी आमच्याच पलंगाशी कशी आली, याचा मी अधूनमधून विचार करते. मी घरून पुस्तक आणवलं. बारीक अक्षरं मी वाचू लागले, जाड अक्षरं ह्यांची. असं मी बोलत गेले आणि माझीही प्रार्थना सुरू झाली, माझ्या लक्षात यायच्या आधीच. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी हे आमटीचा घास घेऊन थांबले, खूप वेळ ओठ हलवले आणि म्हणाले, "बाई, मीठ." आजारपणानंतरचा त्यांचा स्वतःचा पहिला शब्द म्हणजे माझ्या स्वयंपाकाविषयी तक्रार. मी आत जाऊन रडले आणि मीठ घेऊन आले.

पण शब्द दिलेला होता. प्रशांतनं दवाखान्यातच बापाचं उत्तर ऐकलं होतं आणि आनंदानं म्हणाला होता, "देवानं ऐकलं, मम्मी. आता आपला शब्द." त्याच्या दृष्टीनं सगळं सरळ होतं. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की ज्याला तू पाठ केलेली कविता म्हणतोस तिच्या वाटेनंच ही वाचा आली. तो म्हणाला, देव कुठल्याही वाटेनं येतो, पण आपण बोललो ते बोललो. आणि माझ्या मनात खोल भीती होती की शब्द मोडला तर दिलेलं परत जाईल.

मी आमच्या पाळकांकडे गेले. ते जुने पुणेकर, गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "देवानं तुमच्याकडे हे मागितलं होतं, की तुम्हीच देऊ केलंत?" मी म्हणाले, मीच. "मग त्यात त्याला कशाला ओढता?" म्हणाले. मी उठून निघाले तेव्हा मात्र दारापर्यंत आले आणि म्हणाले, जायचंच असेल तर जा, परत आलात की डोकं पुसायला टॉवेल देईन. मी हसले. पण माझा निर्णय बदलला नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं की मी तुमच्या वतीनं शब्द दिला आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, झाल्यावर एका शनिवारी सकाळी आम्ही त्या हॉलमध्ये गेलो. मागच्या अंगणात निळ्या प्लॅस्टिकचा मोठा हौद भरून ठेवला होता. मी पांढरी साडी नेसले होते, ह्यांना प्रशांतनं पांढरा सदरा घातला होता. काठीच्या आधारानं हे हौदापर्यंत चालत आले. चालताना प्रशांत बापाचा हात असा जपून धरत होता की ते पाहून मला वाटलं, पाण्याचं काय एवढं, मुलगा तर जवळ राहील. त्यांचे पास्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी वाकून ह्यांना विचारलं, "काका, आपण बाप्तिस्मा घ्यायला तयार आहात ना?"

ह्यांनी ओठ हलवले. मला वाटलं, 'हो' यायला वेळ लागतो आहे. मग त्यांचा आवाज आला, "पापांच्या क्षमेसाठी... एकच बाप्तिस्मा... मानतो."

दर रविवारी आपण काय मानतो ते आमची मंडळी उभी राहून म्हणते, त्यातलं हे वाक्य. ह्यांनी ते जाणूनबुजून म्हटलं, की 'बाप्तिस्मा' हा शब्द कानावर पडताच त्याच्यामागचं वाक्य आपोआप ओढलं गेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी नंतर ह्यांना विचारलं आहे. ते हसतात. पास्टरनी शांतपणे पुन्हा विचारलं, ह्यांनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी न अडखळता. पास्टर सरळ उभे राहिले आणि प्रशांतला म्हणाले, ब्रदर, काकांचं उत्तर झालं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकटीला जाता आलं असतं, शब्द निदान अर्धा तरी पाळला गेला असता. मी हौदातल्या पाण्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर आईच्या कडेवर असताना पडलेलं पाणी खोटं होतं, असं मला म्हणता येईना. मी नाही म्हणून मान हलवली आणि ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

प्रशांतनं आम्हांला गाडीनं घरी सोडलं. ह्यांचे बूट काढून दिले, गोळ्या टेबलावर ठेवल्या, आणि गेला. त्यानंतर सात रविवार तो आला नाही. सूनबाई रोज फोन करायची, काम फार आहे म्हणायची, तिचाही आवाज पडलेला असायचा. ह्यांची वाचा मिळाली आणि मुलाची गेली, असं झालं होतं. मी स्वतःला पुष्कळ बोल लावले. नवस करायचा नव्हता, केला तर मोडायचा नव्हता. दरम्यान आम्ही आमच्या चर्चमध्ये जाऊ लागलो. ह्यांना गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून पाळक प्याला घेऊन बाकापर्यंत येतात. पहिल्या रविवारी ह्यांचं उत्तर सगळ्यांच्या मागून आलं तेव्हा पुढच्या रांगांतली म्हातारी माणसं माना वळवून पाहू लागली. मला आनंद झाला, पण तो पुरा नव्हता. प्रार्थनेत मी आता काही मागत नसे. प्रशांतचं नाव घ्यायचे आणि गप्प राहायचे. माझ्या हातात तेवढंच आहे, हे शिकायला मला फार वर्षं लागली.

आठव्या रविवारी संध्याकाळी प्रशांत आला. एकटाच होता. खाली मान घालून आत आला, ह्यांच्या खुर्चीशेजारचं बुटकं स्टूल ओढून बसला. म्हणाला, पप्पा, प्रार्थना करू? ह्यांनी मान डोलावली. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. मला वाटलं, आता नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवून एका दमात सुरू करील.

त्यानं हात ठेवला नाही. डोळे मिटून एकच वाक्य म्हटलं, "प्रभू, माझ्या पप्पांना तू परत दिलंस, म्हणून तुझे उपकार." आणि थांबला. मला वाटलं, शब्द आठवत नाही. मग दिसलं, त्यानं डोळे उघडून बापाकडे पाहिलं होतं. तो वाट पाहत होता. लहानपणी आमच्याच बाकावर बसून शिकलेला, तो विसरला नव्हता.

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," हे म्हणाले. आमच्या चर्चमध्ये दर विनंतीनंतर मंडळी म्हणते ते.

प्रशांतनं पुढचं वाक्य म्हटलं, स्वतःच्याच शब्दांत, त्याच्या फेलोशिपमध्ये म्हणतात तसं मोकळं. आणि पुन्हा थांबला. बायकोसाठी म्हटलं, ऑफिसमधल्या कोणासाठी म्हटलं, त्या पास्टरसाठी म्हटलं. दर वेळी थांबला आणि दर वेळी हे बोलले. मग हळू आवाजात म्हणाला, "प्रभू, मम्मीनं तुला शब्द दिला होता. तो मी तिच्याकडून घेतला, ती घाबरलेली असताना. त्यातून तिला मोकळी कर."

आणि तो थांबला. या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं. मी तोंड उघडलं, पण एक अक्षर फुटेना. दाराच्या चौकटीला धरून मी नुसती उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ दिला, आणि मग माझ्या वतीनं त्यांनीच म्हटलं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

प्रशांत अजून त्याच्याच फेलोशिपमध्ये जातो, आम्ही आमच्या चर्चमध्ये. पाण्याच्या बाबतीत आमचं एकमत झालेलं नाही, बहुधा होणारही नाही. दर रविवारी संध्याकाळी तो येतो आणि आम्ही तिघं अशी प्रार्थना करतो. त्या सिस्टरचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या बंद डबीसाठी आणि उरलेलं म्हटल्याबद्दल मी रोज त्यांचे आभार मानते. त्या तरुण पास्टरचेही मानते, त्यांनी 'काकांचं उत्तर झालं' म्हटलं म्हणून. आपण अँग्लिकन म्हणजे नेमके कुठले, हे मला अजूनही कोणाला नीट सांगता येत नाही, पण आता त्याचं वाईट वाटत नाही. प्रार्थनेतलं पहिलं वाक्य माझं नसतं, एवढं मला कळलं आहे. माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते कधी मला देता आलं नाही तर घरातलं दुसरं कोणी देतं.